ऑपरेटरची चूक

सुरतेतली माझी पहिली नोकरी मामांनी मिळवून दिली. ते बमरोलीच्या एका डाईंग मिलमध्ये कॉम्प्युटरवर नोंदी करायचे आणि त्या मिलला प्रोग्राम लिहून देणाऱ्या शेठकडे त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. मी धुळ्याहून येऊन त्यांच्या डिंडोलीच्या दोन खोल्यांत राहिलो आणि मामींच्या हातची कळण्याची भाकरी चार वर्षं खाल्ली. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझी लायकी लक्षात राहील.

शेठकडे प्रोग्राम लिहायचा मीच आणि तपासायचाही मीच. आपल्याच पोराचा पेपर आपणच तपासायचा, तसलं काम. मामांच्या मिलचा डॉसवरचा प्रोग्राम माझाच होता. घडी होऊन आलेला कापडाचा ताका टेबलावर पडला की घडीवाला त्यावरचा लॉट नंबर आणि मीटर मोठ्याने सांगायचा आणि मामा ते भरायचे. एकाने ओरडायचं, दुसऱ्याने लिहायचं, ही पद्धत वहीच्या काळापासूनची. मामांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: नोंद जमा झाली की छोटासा आवाज होऊ दे, म्हणजे मान वर करायला नको. मी तो टाकला. टिंक, टिंक करत ते दिवसभर भरत राहायचे आणि मिलमध्ये त्यांच्याइतका वेग कोणाचाच नव्हता.

मग विंडोज आलं. जो तो मिलवाला रंगीत पडदा आणि माउस मागू लागला. शेठने मला सगळं नव्याने लिहायला बसवलं. मीही हुरळून गेलो होतो. तो टिंक मला आता बालिश वाटत होता, म्हणून काढून टाकला. त्याच्या जागी प्रत्येक ताक्यानंतर पडद्याच्या मधोमध एक सुंदर चौकट यायची: ‘नोंद झाली’. एंटर दाबून ती घालवायची, मग पुढचा ताका.

जुना आणि नवा प्रोग्राम पंधरा दिवस शेजारी शेजारी चालवायचे आणि दोन्हींच्या याद्या जुळवून पाहायच्या, असं ठरलं होतं. सकाळी मामा जुन्यावर भरायचे, दुपारी घडीवाला तेच आकडे पुन्हा सांगायचा आणि मामा ते नव्यावर भरायचे. जुनी यादी बिनचूक यायची. नव्या यादीत मात्र लॉट नंबर गायब आणि त्याच्या जागी मीटर. मी चार दिवस माझ्या प्रोग्रामची ओळ न् ओळ चाळली. काही सापडेना. पाचव्या दिवशी सकाळी मामांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

झाडू मारणाऱ्या बाईंच्या पायात वायर अडकली आणि जुन्या मशीनचा पडदा बंद पडला. मशीन चालू होतं, फक्त पडदा काळा. घडीवाला आमच्याकडे पाठ करून आकडे सांगत होता. मामा भरत राहिले. टिंक. टिंक. एक ताका, दोन, सात. त्यांना पडदा गेल्याचं कळलंच नव्हतं.

मी पिन परत खोचली. सातही नोंदी बरोबर होत्या.

जेवणाच्या सुट्टीत मामांना बाहेर नेलं आणि सरळ विचारलं. त्यांनी डब्याचं झाकण चाचपून लावलं.

“माले दिखस नही रे,” ते म्हणाले. “दोन वरीस व्हयनात. तो आवाजच मना डोया शे. कोनले सांगू नको.”

काचबिंदू होता, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. पण यादी का चुकत होती ते मला तिथेच कळलं. माझी ती सुंदर चौकट त्यांना दिसत नव्हती. ती पडद्यावर असताना ते पुढचा लॉट नंबर मारायचे, तो वाया जायचा आणि सगळं एक घर मागे सरकायचं.

संध्याकाळी शेठने तपासणीचा कागद पुढे केला. “भूल कोनी छे? आपणी के एमनी?” चूक आपली की त्यांची, एवढंच त्यांना हवं होतं. आपली म्हटलं असतं तर पंधरा दिवसांची जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती, नवा प्रोग्राम लांबला असता आणि दुसऱ्या तीन मिलचं काम कदाचित माझ्या हातून गेलं असतं. चौकट काढून आवाज परत घालायला अर्धा तास लागला असता. मी कागदावर लिहिलं: ऑपरेटरची चूक.

मामांना दिलेला शब्द मी पाळला, अशी तेव्हा मनाची समजूत घातली. कोणाला काही सांगितलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी ऐकले होते. मी तर वासाच काढला.

तो कागद मिलकडे गेला आणि आठवड्याभरात मिलने मामांना नारळ दिला. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने दुसऱ्याच दिवशी तक्रार केली की ती चौकट फार मधे मधे येते. मी ती काढली. अर्धा तासही लागला नाही.

त्यानंतर मामा दिवसभर दाराशी खाट टाकून बसू लागले. एकदा मी कामावरून आलो तेव्हा गल्लीतले दोघंतिघं त्यांच्यापाशी बसले होते. नोकरी कशी गेली, असं कोणीतरी विचारलं. माझी चाहूल मामांनी ओळखली असावी.

“मना भाचाना प्रोग्राममा काहीच चूक नही व्हती,” ते म्हणाले. “चूक मनीच व्हती.” मग मी जिथे उभा होतो त्याच्या जरा बाजूला तोंड करून त्यांनी विचारलं, “नही का रे?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“हो, मामा,” मी म्हणालो.