नातवाच्या टीमचा यंदाचा हंगाम

मुलांनो, तुमच्याकडे अजून बर्फ असेल. आमच्याकडे बागेत मोहोर आहे, आणि पहाटे असं धुकं उतरतं की पायरीवरून विहीर दिसत नाही. वास मात्र धुक्यातूनही घरात येतो, किंचित गोड आणि किंचित आंबूस. अशा वेळी तुमचे आजोबा उठतात, स्वतःचा चहा स्वतः करतात आणि पडवीतल्या खुर्चीत टॅब मांडीवर घेऊन बसतात. मग काळोखात एक हिरवा चौकोन उजळतो. ते तुमच्या शहरातलं बेसबॉलचं मैदान.

हिवाळ्यात सामने नसतात हे त्यांना माहीत आहे. ते मागच्या उन्हाळ्यातले सामने परत बघतात, हरलेलेसुद्धा. मी एकदा विचारलं, निकाल ठाऊक असताना काय बघता. ते म्हणाले, "निकालासाठी कोण बघता गो? माका ता हिरवा बघूक बरा वाटता."

त्यांचं आणि त्या हिरव्याचं नातं जुनं आहे. बोटीवर नोकरीला असताना एकदा कुठल्याशा अमेरिकन बंदरात त्यांची बोट थांबली होती. संध्याकाळी डेकवरून त्यांना शहराच्या मध्यभागी दिव्यांचा एक मोठा कटोरा दिसला, आणि अधूनमधून हजारो माणसांचा आवाज पाण्यावरून येई. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. बोट पहाटे सुटली. तो आवाज कसला हे त्यांना पुढे कित्येक वर्षांनी, तुमच्या घरी आल्यावर, तुमच्या दादानं सांगितलं. तेव्हा दादा शाळेत नुकताच जायला लागला होता आणि सोफ्यावर आजोबांना चिकटून त्यांना चेंडू टाकणारा पिचर कोण, तो झेलणारा कॅचर कोण, थर्ड बेस राखणारा कोण, हे बोट दाखवून शिकवत होता.

आम्ही परत आलो आणि दोघांचा फोन सुरू झाला. तुमच्याकडे संध्याकाळचा सामना लागतो तेव्हा आमच्याकडे पहाट होत असते. दादा तिथे, आजोबा इथे, दोघांच्या समोर तोच सामना आणि मध्ये फोन चालू. मी आत ओट्याशी असायचे. कितीतरी वेळ दोघंही काही बोलत नसत. फोनवर फक्त तुमच्याकडचा पंखा ऐकू येई, आणि त्यांना आमचे कोंबडे ऐकू येत असतील. मग एखादा चेंडू उंच जाई आणि दोघं एकदम "अरे अरे अरे" म्हणत. माझ्या झोपाळलेल्या कानांना काही वेळा कळत नसे की यातला कुठला आवाज पडवीतला आणि कुठला समुद्रापलीकडचा.

टीम वाईटच होती, हे मी सांगायला नको. तुमच्या बाबांनी आम्हाला समजावलं की तिची पुनर्बांधणी चालली आहे. म्हणजे अनुभवी आणि महागडे खेळाडू दुसऱ्या संघांना ट्रेडमध्ये द्यायचे, त्यांच्या बदल्यात कोवळी पोरं घ्यायची, काही वर्षं मुकाट्यानं हरायचं आणि पोरं तयार होण्याची वाट बघायची. मला हे क्रूर वाटलं. आजोबांना लगेच पटलं. जुनी बाग काढून नवी कलमं लावण्यासारखंच ते आहे, असं त्यांचं म्हणणं.

पण डिसेंबरात टीमनं थर्ड बेसवाल्यालाच दुसऱ्या संघाला दिलं. धाकटे, तुला तो आठवत असेल, दादाच्या पलंगाच्या वर ज्याचं पोस्टर होतं तो. तो याच टीममध्ये लहानाचा मोठा झाला, इतकी वर्षं हरणाऱ्या संघासाठी खेळला, आणि चेंडू अडवायला पोटावर लोळण घेतल्यावर उठताना प्रत्येक वेळी टोपी झटकायचा. आजोबा म्हणायचे, घरचो माणूस. बदल्यात दोन मुलं आली, एकोणीस-वीस वर्षांची, एक उंच डावखुरा पिचर आणि दुसरा बुटकासा, कुठल्यातरी बेटावरचा.

त्या बातमीनंतर दादाचा एक फोन आला. तो म्हणाला की आता त्याची कुठलीच टीम नाही. यंदाही हे हरणार, सगळी पोरंटोरं आहेत, ती मोठी होईपर्यंत बघत कशाला बसायचं. आजोबांनी "बरा" एवढंच म्हटलं. नंतर दादाचे फोन थांबले. बाबांचा फोन आला की तो खोलीतून येऊन "हाय आजोबा" म्हणे आणि परत जाई.

मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. त्या वयाच्या मुलाला आजोबांशिवाय दुसरं जग असतं, हे मला कळतं. पण या दोघांकडे बोलायला टीमशिवाय काहीच नव्हतं. दादाच्या शाळेतलं आजोबांना समजत नाही, आजोबांच्या बागेतलं दादाला समजत नाही. त्या मैदानावरच काय ती त्यांची भेट व्हायची. हा हंगाम दादानं सोडला असता, तर पुढच्या हंगामापर्यंत तो उंच झाला असता, आवाज फुटला असता, आणि पहाटे फोन करायची सवयही मोडली असती. आजोबांनी हे बोलून दाखवलं नाही. ते फक्त जुने सामने बघत राहिले. त्यांत तो थर्ड बेसवाला अजून आपल्या जागेवर उभा असायचा आणि टोपी झटकायचा.

आमच्या बागेत दरवर्षी आंबा उतरायला लागण्याआधी राखणदाराला, म्हणजे बाग सांभाळणाऱ्या देवाला, नारळ ठेवतात. वरच्या टोकाला, जांभा दगड रचून केलेल्या गडग्यापाशी, शेंदूरही न लावलेला एक पाषाण आहे. तिथे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावातल्या जाणत्या माणसानं आपल्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला होकार द्यायचा. आमच्याकडे हे काम माझे चुलतदीर करतात. तुमचे बाबा दरवर्षी व्हिडिओ कॉलवर हजर असतात. इथे सकाळ असते, तिथे तुमची रात्रीची जेवणं आटोपलेली असतात.

या वर्षीही तसंच झालं. धुकं अजून झाडांत अडकलेलं होतं. बागेची राखण करणारं नेपाळी जोडपं होतं, आम्ही दोघं होतो, आणि मी हातात फोन धरून उभी होते, त्यात तुमचे बाबा. चुलतदिरांनी नारळाची शेंडी पुढे केली, घसा साफ केला आणि आंब्याबद्दल आणखी काय मागायचं आहे का विचारलं.

आजोबा म्हणाले, आंब्याचं झालं की एक टीमचं मागायचं आहे.

"टीम? खंयची? गावातली?"

"नातवाची."

"मगे आमचीच," चुलतदीर म्हणाले. "जिंकाक व्हया काय?"

"जिंकणा मागू नको. पोरां लहान आसत." आजोबांनी त्यांना जरा बाजूला नेऊन हळू आवाजात काहीतरी समजावलं. चुलतदीर दोनदा मान डोलावून पाषाणाकडे वळले.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. त्यांचा गाऱ्हाण्याचा आवाज वेगळा आहे, छातीतून येणारा, झाडांच्याही वर जाणारा. बागेचा जो कोणी राखणदार असेल त्यानं हा नारळ रीतीप्रमाणे मान्य करावा, आलेला मोहोर टिकवावा, बागेत वावरणाऱ्या माणसाला सापाकिरडापासून राखावं, असं सगळं झालं. प्रत्येक ठिकाणी आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. फोनमधून बाबांचं "व्हय म्हाराजा" दर वेळी जरा उशिरा येत होतं, जसं काही धुक्यातून वाट काढत.

मग ते म्हणाले, "आनि म्हाराजा, ह्या घरच्या नातवाची लांबच्या मुलखात एक खेळाची टीम आसा. पोरां नवी आसत. चुकतली, पडतली, तेंका सांभाळून घे. हंगाम सुखरूप पार पडूंदे."

"व्हय म्हाराजा."

"आनि त्या टीमचो मोठो झील दुसऱ्या मुलखात कामाक गेलो आसा. तेका थंय सुखी ठेव, आनि वर्सातून एकदा तरी घराकडे हाड रे म्हाराजा."

झील म्हणजे मुलगा, आणि घराकडे हाड म्हणजे घरी आण. आम्ही होकार दिला. नेपाळी बाईनं तर हात जोडले. तिला वाटलं असेल की हा आमचाच कोणी आहे. फोनमधून मात्र होकार आला नाही. मी बघितलं तर पडद्यावर बाबांच्या खांद्यामागे दादा उभा होता. तो पाण्याचा ग्लास घेऊन जाता जाता थांबला असावा.

"आजोबा," तो म्हणाला, "तो परत येणार नाहीये. ट्रेड म्हणजे तसं नसतं. तो आता त्यांचा झाला."

चुलतदीर माझ्याकडे बघू लागले. गाऱ्हाण्याच्या मध्ये असं कोणी बोलत नाही. आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मी बोटीर गेलंय, म्हणान बोटीचो झालंय काय रे?"

दादानं ग्लास खाली ठेवला.

"गेलेलो माणूस कायमचो परत येणा नाय. तो येता आनि परत जाता. तेवढा तरी मागूक व्हया ना?"

मग बहुधा तुमच्याकडे दाराची बेल वाजली, कारण बाबा गडबडीनं अच्छा म्हणाले आणि चित्र गेलं. आम्ही नारळ फोडला. खोबरं वाटताना चुलतदीर आजोबांना म्हणाले की नातू हुशार आहे, पण त्याला रीतभात शिकवायला हवी. आजोबांनी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा मोठा तुकडा ठेवला.

त्या दिवशी आजोबा दुपारी झोपले नाहीत. बागेत जाऊन नुसते फिरत राहिले. मी हाक मारायला गेले तेव्हा एका जुन्या कलमाच्या खोडाला टेकून उभे होते आणि समुद्राच्या दिशेनं बघत होते, जिथून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मला म्हणाले, पोराला उगाच बोललो का. मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीप्रमाणे बसले होते. टॅबवर मागच्या ऑगस्टमधली कुठलीतरी संध्याकाळ चालू होती, सावल्या लांब पडलेल्या. फोन वाजला तेव्हा त्यांनी आधी टॅबकडेच बघितलं.

दादा होता. त्यानं नमस्कार वगैरे काही केला नाही. म्हणाला, त्यानं पूर्ण हंगामाचं वेळापत्रक बघितलं. थर्ड बेसवाल्याची नवी टीम सप्टेंबरात तीन सामने खेळायला येणार आहे. आपल्याच मैदानावर.

"सप्टेंबरात कधी?" आजोबांनी विचारलं.

दादानं तारखा सांगितल्या. आजोबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "चतुर्थीच्या सुमाराक. मगे बरोबर आसा. चतुर्थीक सगळेच येतत."

दादा हसला. किती दिवसांनी तो हसलेला ऐकला. मग त्यानं सांगितलं की असा जुना खेळाडू दुसऱ्यांचे कपडे घालून पहिल्यांदा बॅटिंगला येतो, तेव्हा सामना क्षणभर थांबतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात आणि तो टोपी काढून दाखवतो. समोरच्या टीमचा असूनसुद्धा.

आजोबांनी हे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, आता त्या दोन पोरांचं सांग.

आणि दादा सांगत सुटला. मी चहा घेऊन पडवीत येऊन बसले. धुकं हळूहळू विरळ होत होतं, आणि त्यातून एकेक झाड बाहेर येत होतं, आपली जागा नुकतीच आठवल्यासारखं. दादाच्या मते यंदाही हरणंच जास्त असणार. बुटका मुलगा पहिल्या दिवसापासून थर्ड बेसवर उभा राहील, त्याचे हात चपळ आहेत, पण फेकतो वाकडं. कॅचर बरा आहे. पिचर अर्धे आजारी. उंच डावखुरा सगळ्यांत गुणी, पण त्याला मुख्य टीममध्ये न घेता खालच्या संघात ठेवणार आहेत, आणि ते दादाला अजिबात मान्य नव्हतं.

"घाई करूक नको," आजोबा म्हणाले. "नव्या कलमाक पयली तीन-चार वर्सां मोहोर इलो तरी आमी तो खुडून टाकतो. नायतर झाड फळाक लागता आनि खोड बारीकच ऱ्हवता."

"चांगला मोहोर पण खुडता?"

"चांगलोच खुडूचो लागता."

मग दादानं विचारलं की खुडताना वाईट वाटत नाही का. आजोबा म्हणाले, वाटतं. मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं की त्यांना वाईट वाटतं.

मग बुटक्याचं वाकडं फेकणं सुधारेल का यावर दोघांचं बराच वेळ चाललं. आजोबांचं म्हणणं पडलं की बेटावरच्या पोरांना वाऱ्याची सवय असते, त्याला तुमच्या मैदानावरचा वारा कळला की हात आपोआप सरळ होईल. दादाला हे शास्त्रशुद्ध वाटलं नाही. पण लक्ष ठेवू, असं तो म्हणाला.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "आजोबा, सप्टेंबरपर्यंत खूप सामने आहेत. पुष्कळ हरायचे आहेत. ते सगळे बघायला लागतील."

आजोबांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"बघूया की," ते म्हणाले. "आमका खंय जावचा आसा?"