डावी नळी

माझ्या हाताखालून गेलेली कुठलीही वस्तू बाबा आधी उजेडाकडं धरून बघत. धुतलेला पेला असो, दुरुस्त केलेली छत्री असो, की मी लिहिलेला अर्ज. आणि मग म्हणत, "राहिलंय बघ इथं." काही ना काही राहिलेलं असायचंच. हैदराबादच्या कोर्टात उर्दूतून उभी हयात वकिली केलेला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार? मला त्याचा मनस्वी राग यायचा, आणि पुढचं सगळं त्या रागातूनच झालं.

राज्याची वाटणी ठरली होती. मराठी जिल्हे मुंबईकडं जाणार, आमचं शहर आंध्राकडं. बाबांचे सगळे पक्षकार परभणी-नांदेडचे. त्यांची अपिलं आता इथं येणार नव्हती. साठी ओलांडलेल्या बाबांनी बिऱ्हाड परभणीला हलवायचं ठरवलं. मी सरकारी कचेरीत कारकून, मी इथंच राहायचा अर्ज दिला होता. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांपैकी एकानंही या विषयावर तोंड उघडलं नाही. पेट्या तेवढ्या भरल्या जात होत्या.

कचेरी सुटली की मी आबिड्सच्या मागच्या गल्लीत एका उस्तादांकडं जुन्या दुनळी बंदुका दुरुस्त करायला शिकत होतो. उस्ताद पूर्वी एका नवाबाचं शस्त्रागार सांभाळायचे. जहागिऱ्या बुडाल्या तशा हवेल्यांतल्या बंदुका बाहेर पडल्या आणि उस्तादांच्या दुकानात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकायच्या भागाच्या, लाकडाला पोचा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवायची, की लाकूड फुगून वर येतं. मग रोज जवसाचं तेल तळहातानं जिरवायचं, हात पोळेपर्यंत. बाबा याला 'कारकुनाची लोहारकी' म्हणत.

बाबांकडंही एक दुनळी होती, एका पक्षकारानं भेट दिलेली. त्यांनी तिनं कधी चिमणीही मारली नाही. दरवर्षी दसऱ्याला पूजा झाली की तारनाक्याच्या पुढच्या खडकाळ माळावर जाऊन आकाशाकडं दोन बार काढायचे, एवढाच तिचा उपयोग. आता परवाना परभणीला न्यायचा तर बंदूक तिथल्या कलेक्टरपुढं ठेवावी लागणार होती. "तिकडच्या साहेबापुढं गंजकी बंदूक ठेवू काय?" असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. बाबांनी आपणहून मला काम सांगण्याची ती पहिलीच वेळ. मी हरखून गेलो, हे कबूल करतो.

दस्ता असा उतरला की उस्ताद दोनदा हात फिरवून गेले. नळ्यांवरची जुनी नागमोडी नक्षी पुन्हा उमटली. पण डाव्या नळीत आत गंजानं खड्डे पाडले होते, देवीच्या वणांसारखे. उस्तादांनी पितळी कॅलिपरनं नळीची जाडी मोजली आणि बजावलं, "दाग रहने देव मियाँ. लोहा नक्को खाव." वण घालवायला आतून घासत गेलं की नळीची भिंत पातळ होते, आणि पातळ भिंत बार उडताना फुटते. बंदुकीच्या कामात याहून मोठी चूक नाही.

मी वण राहू दिले. मग एके दिवशी बाबा दुकानात आले. नळ्या उचलून त्यांनी उजेडाकडं धरल्या, एक डोळा मिटला, आणि म्हणाले, "राहिलंय बघ इथं. डावीकडं."

माझं डोकं फिरलं. सलग तीन संध्याकाळी, उस्ताद नमाजाला गेले की मी काठीला पॉलिशकागद गुंडाळून डावी नळी आतून घासत बसलो. तिसऱ्या संध्याकाळी ती आरशासारखी झाली. चौथ्या दिवशी कुठून तरी अक्कल आली आणि मी कॅलिपर लावला. एका जागी त्याची दोन टोकं जवळजवळ भिडली. नेम धरताना डाव्या हाताचा पंजा जिथं बसतो, बरोबर तिथं.

दसऱ्याला आठ दिवस होते. उस्तादांनी नळ्या दोरीला टांगून टिचकी मारली. स्वच्छ नाद निघाला. त्या नादावरून सांधे पक्के आहेत एवढंच कळतं, भिंत किती उरली ते नाही. कॅलिपर त्यांनी पुन्हा लावला नाही. आधी त्यांनीच मोजलं होतं, आणि माझ्या हातावर त्यांचा भरवसा होता. मी शेजारीच दोरी धरून उभा होतो.

सांगितलं असतं तर नळी भंगारात गेली असती, आणि बाबांना जन्माचं बोलायला मिळालं असतं. मी मनाशी एक तोड काढली. उस्तादांचा नियम होता, ज्यानं बंदूक दुरुस्त केली त्यानंच पहिला बार काढायचा, झाडाला बांधून नाही, स्वतःच्या खांद्यावरून. म्हणजे फुटली तर माझ्या हातात फुटेल. याला मी हिंमत समजत होतो. एकदा धकली म्हणून दर दसऱ्याला धकेल असं नाही, आणि पुढच्या वर्षी बाबा परभणीच्या कुठल्या तरी माळावर एकटे असतील, हेही मला कळत होतं. कळत होतं आणि मी रोज दोन वेळा जेवत होतो.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही तिघं माळावर गेलो. उस्तादांनी बंदूक माझ्या हातात दिली. "पहला बार इनो मारते, वकीलसाब. अपना खायदा है." इनो म्हणजे मी, आणि खायदा म्हणजे कायदा.

"खायदा मेरेकू नक्को सिखाव, उस्ताद," बाबा हसून म्हणाले. "बंदूख मेरी. इस शहर में आखरी दसरा मेरा." आणि त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. उस्तादांनी अदबीनं मान लववली आणि ते दोन पावलं मागं सरकले. नियम मोडायला त्यांना आजचाच दिवस सापडला.

बाबांनी दोन्ही काडतुसं भरली. बंदूक बंद केली. दस्ता खांद्याला लावला. डावा पंजा पुढं गेला आणि बरोबर त्या जागी बसला. त्यांच्या बोटातली आईनं केलेली अंगठी मला स्पष्ट दिसत होती.

"बाबा, डावी नळी नको."

"का?"

"फुटेल."

त्यांनी बंदूक खाली घेतली. उघडली. दोन्ही काडतुसं काढून कोटाच्या खिशात टाकली. तिघंही दुकानात परतलो.

उस्तादांनी कॅलिपर लावला आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. मग नळ्या शिकंज्यात आवळल्या आणि करवत माझ्यापुढं धरली. "तुम काटो." अशी बंदूक पुन्हा कुणाच्या खांद्याला लागता कामा नये, म्हणून कापायची. मी कापली. घाम डोळ्यांत जात होता. बाबा स्टुलावर बसून बघत होते.

तुकडा खाली पडला. बाबांनी तो उचलला आणि सवयीनं उजेडाकडं धरला. एका बाजूला भिंत रुपयाएवढी जाड, दुसऱ्या बाजूला नखाएवढी. त्यांनी तिथं अंगठा फिरवला.

"तुला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस," ते म्हणाले. "माझ्या शेजारी बसून जेवलास की रे तू."

ओरडले असते तर बरं झालं असतं. उस्ताद पाठ करून हत्यारं पुसत राहिले.

घरी स्वयंपाकाच्या बाईंनी दसऱ्याची पानं वाढून ठेवली होती. श्रीखंड, पुरी, सगळं. मला वाटलं बाबा आपलं ताट दुसरीकडं घेतील. ते नेहमीच्या जागी, माझ्या शेजारी बसले. चित्राहुती घालून झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "आणखी काही सांगायचं राहिलंय?"

राहिलं होतं. तुम्ही जाऊ नका, एवढंच. भिंतीशी बांधून ठेवलेल्या पेट्या समोरच दिसत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

"मग जेव," बाबा म्हणाले.