फ्रिजच्या दारातला दवाखाना

विंचूरला लग्नाआधी दोन वर्षं मी एका डॉक्टरांकडे केसपेपर लिहायला बसायचे. तेवढ्या शिक्षणावर पुढे नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत मी खुशाल दवाखाना चालवला. पाटी नव्हती, खाट नव्हती. फ्रिजच्या दाराचा वरचा कप्पा, एवढीच जागा. लिंबाच्या लोणच्याशेजारी मुलांच्या तापाच्या उरलेल्या बाटल्या उभ्या असायच्या. एक गुलाबी, एक केशरी, एक पांढरी.

उरलेल्या म्हणजे मी उरवलेल्या. मुलाला डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं की तिसऱ्या दिवशी ताप उतरायचा आणि मी झाकण घट्ट लावून टाकायचे. बऱ्या झालेल्या पोराच्या पोटात कडक औषध कशाला ओतायचं? शिवाय पुढच्या खेपेची सोय. तिशीतली ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर तिचा तोरा बघून मी फुटपाथ बदलीन. पदर खोचून, पालथा हात पोराच्या कपाळाला लावून, डोळे बारीक करून म्हणायची, "घशाचा आहे." तिच्या दवाखान्यात सगळ्यांना घशाचाच ताप यायचा. दुसरा तिला माहीतच नव्हता.

दुपारी शेजारणी यायच्या. चांदवडकडची एक होती, बाळ कडेवर घेऊन दारातच उभी राहायची.

"काकू, पोराचं आंग लय तापलंय. ती गुलाबी बाटली हाय का?"

"आहे. दोन दिवस दे. पण संपवू नकोस हं, परत आणून ठेव."

"तुमच्या हाताला गुण हाय, काकू."

मी लाजल्यासारखं करायचे. साध्या सर्दीचा, आपला आपण जाणारा ताप मी घालवला म्हणून मिरवायचे. आणि संपवू नकोस, हे वर बजावून सांगायचे.

ही सगळी बढाई जुनी झाली असती तर हसून सोडून दिली असती. पण दवाखाना बंद झालाच नाही. सून सातपूरला कंपनीत जाते, मुलगा फिरतीवर, तीन वर्षांची नात दिवसभर माझ्याकडे. वर्षभरात तिला चार-पाच वेळा सर्दीताप झाला. दर वेळी मी फ्रिज उघडला; बाटल्या आता शेजारणींच्या पोरांच्या उरलेल्या असायच्या. चमचाभर, दोन दिवस, अंग गार लागलं की बंद. सुनेला वाटायचं, तुळशीच्या काढ्याने उतरला. मीही तसंच वाटू दिलं. एकदा तिने विचारलं, "आई, या जुन्या बाटल्या टाकून देऊ?" मी म्हटलं, "राहू दे, मी टाकते."

मग एकदा ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी पोर थंडी वाजून कुडकुडायला लागली, शू करताना रडायला लागली. दवाखान्यात नेलं, खऱ्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवीत जंतू झालेत म्हणाल्या, भरती करून घेतलं. लघवी कल्चरला पाठवली, म्हणजे कुठले जंतू आणि कुठल्या औषधाने मरतात ते बघायला. मग सुनेला विचारलं, "हिला आत्ता किंवा मागच्या काही महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक दिलंय?"

"नाही. फक्त तापाचं साधं औषध."

मी भिंतीशी उभी होते, हातात नातीच्या चपला घेऊन. तोंड उघडलं नाही. म्हटलं, इंजेक्शन तर सुरू होतंय, आता सांगून काय फरक पडणार? खरं तर मला सुनेसमोर सांगायचं नव्हतं. बाकी सगळी कारणं मी नंतर जुळवली.

दोन दिवस इंजेक्शनं झाली. ताप हटेना. एरवी माझ्या नाकातली चमकी ओढणारी, एका जागी न बसणारी पोर. तिने पाण्याचा चमचासुद्धा जिभेनेच बाहेर ढकलला. तिसऱ्या सकाळी डॉक्टरीणबाई तक्त्यावर ताप बघत म्हणाल्या, "इतक्या लहान मुलीला हे औषध लागू का पडत नाही, कळत नाही."

"मला कळतंय," मी म्हटलं.

सून वळून बघायला लागली.

"वर्षभरात चार-पाच वेळा दिलंय मी. या वेळीही दोन दिवस. अर्धवट."

"कोणतं औषध, आजी?"

"गुलाबी."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "नाव काय त्याचं?"

नाव मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत मी रंगापलीकडे गेलेच नव्हते. मुलगा पहाटेच फिरतीवरून परतला होता. तो घरी जाऊन बाटल्या घेऊन आला. त्यातली एक पावडरीत पाणी घालून कालवलेली, आठवड्यात संपवायची. ती मी आठ महिने ठेवली होती. बाईंनी लेबलं वाचली आणि लगेच इंजेक्शन बदललं.

संध्याकाळी कल्चरचा कागद आला. औषधांची यादी आणि बहुतेकांपुढे इंग्रजी आर. म्हणजे या जंतूंवर चालत नाही. गुलाबीपुढे आर, केशरीपुढे आर.

"माझ्यामुळे झालं का हे?" मी विचारलं.

"तसं ठामपणे नाही सांगता येणार. असे जंतू बाहेरूनही येतात. पण अर्धवट औषधाने चिवट तेवढे मागे उरतात आणि तेच वाढतात. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मी ते इंजेक्शन निवडलं नसतं. दोन दिवस वाचले असते."

नव्या इंजेक्शनाने पोर वाचली. घरी आली ती आठवडाभराचं तोंडाने घ्यायचं औषध घेऊन, दिवसातून तीनदा. सून मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीला तासाची रजा जोडून ती सातपूरहून एवढ्या उन्हात स्कूटीवर यायची, एक चमचा औषध पोरीला पाजायची आणि परत जायची. मी घरातच होते. मी दार उघडायचे आणि पाण्याचा पेला धरून उभी राहायचे.

शेवटच्या दिवशी तिने बाटली उलटी करून तळाचा थेंबसुद्धा चमच्यात घेतला. नात तोवर माझ्या चमकीपर्यंत पोचली होती.

"आई, उद्यापासून दुपारी नाही येणार मी."

"जेवायला तरी येत जा," मी म्हटलं.

हेल्मेटचा पट्टा लावत ती म्हणाली, "बघते."