अमावस्येला समुद्र झोपतो

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीवर चारचौघांना सांगत होतो, की तारापूरच्या किनाऱ्यावर मी एकट्याने, हातात फक्त छत्री असताना, शार्क कसा परतवला. शार्क नुकता वळला होता. मी फोन खिशात टाकला. "पुढं?" कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, पुढं काही नाही, आणि उठलो. त्या टपरीवर माझी गोष्ट अर्धी राहिल्याची ही पहिलीच वेळ.

आता या गोष्टीला दीड महिना झाला. आम्ही दोघेही कराडकडचे, पोटासाठी बोईसरला आलेले. तो रसायनांच्या एका कारखान्यात प्रेशर गेज आणि थर्मामीटर दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. हा मोबाईल तिपाईवर लावून विज्ञानाचे व्हिडिओ करू लागला. कुकर शिट्टी का देतो, साबणाचा फुगा गोलच का, बर्फ पाण्यावर का तरंगतो... त्याने कुकर इतक्या वेळा उघडून दाखवला, की वहिनींच्या घरी सहा महिने डाळ शिजली नाही. (बरं, दोन दिवस.) हे व्हिडिओ शाळेतली मुलं बघायचीच, पण स्टॅंडवर गिऱ्हाइकाची वाट बघणारे रिक्षावालेही बघायचे. एकदा शिफ्ट सुटल्यावर एक बिहारी कामगार त्याला रस्त्यात अडवून म्हणाला, "चाचा, वो बर्फ वाला आधा समझा, पर मस्त था." दिनकरने तिथंच त्याला उरलेलं अर्धं समजावलं. मागे रिक्षांची रांग लागली, ती माझ्या अंदाजाने पालघरपर्यंत गेली असावी.

मापकं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा कशावरही विश्वास नसतो. नवा थर्मामीटर आणला तरी दिनकर तो आधी बर्फात बुडवायचा, मग उकळत्या पाण्यात. व्हिडिओतलं वाक्यही तसंच, आधी करून बघायचं, मग बोलायचं. या नेमाला एकच अपवाद झाला, आणि तो अपवाद म्हणजे मी.

भरती-ओहोटीचा व्हिडिओ चालला होता. पौर्णिमेचं उधाण सांगून झालं आणि त्याने विचारलं, "बाळ्या, अमावस्येचं काय रे? तू घिवलीला पाच वर्षं भाड्याने राहिलायस." मी पोहायला शिकलो तो कृष्णेच्या कालव्यात, आणि घिवलीत राहूनही समुद्राकडे पाठ करून पेपर वाचला. पण मला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, हा माझा जन्माचा आजार. मी म्हणालो, "अमावस्येला चंद्रच नाही, तर पाणी ओढणार कोण? समुद्र झोपतो. भर दुपारी मी खडकांवरून चालत मैलभर आत गेलोय, चप्पलसुद्धा भिजली नाही." तो सरळ कॅमेऱ्याकडे वळून बोलला, "अमावस्येला समुद्र झोपतो." वाक्य गोड होतं. लोकांना फार आवडलं.

पंधरा दिवसांनी आम्ही मासळी बाजारात गेलो, तर घिवलीची हिराबाई टोपलीवरून ओरडली, "ओ मास्तर! अवसेला दर्या निजतो, हे कोणी सांगितलं तुमाला? नातीनं तुमचा विडियो दाखवला, हासून हासून हातातला पापलेट पडला माझ्या. पुनव असो का अवस, दोनी टायमाला उधाण हाय. बारा वाजता खडक दिसणार नाय!"

दिनकर हसला नाही. चंद्र दिसत नाही म्हणजे नसतो असं नाही, त्या दिवशी तो आणि सूर्य एकाच रेषेत येऊन दोघेही पाणी ओढतात, हे त्याला उभ्या उभ्या उमगलं असणार. पण त्याचा चेहरा उतरला तो दुसऱ्याच कारणाने. जव्हारकडच्या डोंगरातल्या एका शाळेच्या बाईंनी त्याला कळवलं होतं, की त्याचा व्हिडिओ बघून त्या येत्या अमावस्येच्या दुपारी मुलांना घिवलीच्या खडकांवर खेकडे दाखवायला आणतायत. मुलं पहिल्यांदाच समुद्र बघणार होती. अमावस्या चार दिवसांवर आली होती.

त्याने तिथंच, माशांच्या पाण्यात उभं राहून बाईंना फोन लावला. "बाई, माझं चुकलं. येऊ नका." मग हिराबाईला विचारून, "आठमीच्या दुपारी आणा, भांगाचा दर्या गरीब हाय," हे जसंच्या तसं पुढं सांगितलं; भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती.

अमावस्येला भर दुपारी आम्ही घिवलीला गेलो. त्याने प्लास्टिकची खुर्ची मांडली, त्यावर बसला, मला मोबाईल धरायला सांगितला आणि बोलत राहिला. पाणी त्याच्या गळ्याशी आलं. कमरेशी म्हणा. खरं सांगायचं तर गुडघ्याशी. "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं," तो म्हणाला. 'मी', एवढंच. कोणी सांगितलं, त्याचं नाव नाही. मोबाईल माझ्याच हातात होता, तो माझ्याकडे वळवायला अर्धा सेकंद लागला असता.

पुढची कित्येक वर्षं बोईसरमध्ये त्याला नमस्काराऐवजी "काय सर, समुद्र उठला का?" ऐकावं लागलं. मीही दोनदा विचारलं. चारचौघांत.

परवा वहिनींकडे गेलो. चहा देता देता त्या म्हणाल्या, "सगळं तपासून बोलणारा माणूस, भाऊजी. ते एवढं एकदाच कसं चुकलं, मला अजून कळत नाही. लोक भेटायला येतात, तेच आठवून हसतात." चहा गरम होता, तरी मी एका घोटात संपवला. मग सांगितलं, कालव्यापासून चपलेपर्यंत सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"मला सांगून काय उपयोग? तिथं सांगा," त्या म्हणाल्या आणि मला ओट्यासमोरच्या स्टुलावर बसवून मोबाईल तिपाईत अडकवला. मग फ्रिजचं बटण बंद केलं. घरघर आवाजात उतरते म्हणून दिनकर आधी नेहमी फ्रिज बंद करायचा, आणि चालू करायला नेहमी विसरायचा. स्वयंपाकघर एकदम शांत झालं.

"बोला," वहिनी म्हणाल्या, "आणि दूध नासायच्या आत आटपा."

दूध नासलं नाही. माझं सगळं एका वाक्यात झालं.