नेपेन्थेसची बाटली

मृताच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू फडक्यावर पसरून दियामांतो ते टिपून कोरडे करत होती. निम्मेच झाले होते, तेवढ्यात नणंद लिगेरी काठी टेकत आत आली.

"वहिनी, उद्या लिआकोसचा चाळिसावा. विलाप तूच उचलायचास. साऱ्या बायका कान लावून बसतील."

"रडूच येत नाही हो, वन्सं."

"मातीच्या दिवशी तरी कुठं आलं? म्हणतात, नवऱ्याचं जाणं मानवलं हिला!"

दियामांतो गहू टिपत राहिली. मातीच्या सकाळी, ही खड्ड्यात उडी घेईल म्हणून वाइनमध्ये थेंब घालून पाजणारी लिगेरीच होती. बाटलीवर औषधवाल्याने ऐटीत लिहिलं होतं, नेपेन्थेस. 'ने' म्हणजे नाही आणि 'पेन्थोस' म्हणजे शोक, असं त्यानेच समजावलं. शब्द फार जुना. पूर्वज सांगत, ते औषध इजिप्तच्या एका बाईकडून आलं. मद्यातून घेतलं की त्या दिवसापुरता डोळा ओला होत नसे, समोर आईबाप गेले तरी. त्यात अफू होती की आणखी काही, कुणालाच ठाऊक नाही.

पेन्थोस मात्र मानीच्या मुलखात आजही घरोघर आहे. दियामांतोच्या अंगावरचे काळे कपडे म्हणजे तोच, आणि ते आता मरेपर्यंत उतरायचे नव्हते. आत रडू नाही, बाहेर काळं. एका दिवसाचं औषध ती जवळजवळ चाळीस दिवस रोज घेत आली होती. मध्ये एकदा चुकवलं, तर छाती फुटेलसं वाटून तिने पुन्हा चमचा भरला होता.

आज सकाळपासून तिने बाटलीला हात लावला नव्हता. देवमातेपुढचा दिवा उजळून ती ताटात थापलेल्या गव्हावर बदामांनी नवऱ्याचं नाव मांडू लागली. ग्रीक लिपीतलं त्याचं पहिलं अक्षर म्हणजे दोन तिरक्या रेघा, डोक्याला डोकं लावून टेकलेल्या. एक रेघ घसरली, दुसरी एकटीच राहिली.

घशातून आवाज फुटला. "लिआकोऽस रे…"

"अगं, उद्यासाठी ठेव की!" लिगेरी ओरडली.

ते थांबेना. लिगेरीने कोनाड्यातली बाटली काढून पुढे केली. दियामांतोने तोंड फिरवलं. उद्या आवाज राहील की नाही, राहिला तर छाती तगेल की नाही, तिला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने डोक्यावरच्या काळ्या रुमालाने तोंड पुसलं. गव्हावर घालायला डाळिंबाचे दाणे नव्हते. ती टोपली घेऊन चर्चमागच्या झाडाची डाळिंबं आणायला निघाली.