चाचींचा शेप्या आंबा

बागेच्या दारात आल्या की रझियाचाची चपला काढून हातात घेत. आत काटे होते, खडे होते, त्यांना कशाचं काही नाही. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पोरी, जमिनीचं तळव्याला कळतंय. चपलेला काय कळतंय?"

बेंबळीपासून थोडं आत, निजामाच्या काळात एका इनामदारांनी बंगला बांधला आणि भोवती बाग लावली. पुढं घरातली माणसं शहरात गेली आणि बाग बाभळींनी भरली. राखणदार म्हणून चाचींचे यजमान राहिले. ते गेल्यावर चाची एकट्याच, विहिरीजवळच्या खोलीत. इनामदारांच्या नातवंडांनी बाग पुन्हा पहिल्यासारखी करायची ठरवली, तेव्हा साइटवरची इंजिनिअर म्हणून मी तिथं आले.

जुन्या नकाशात विहिरीपासून हौदापर्यंत पाण्याची वाट दाखवली होती. प्रत्यक्षात तिथं नुसती माती. तीन ठिकाणी खणलं, काही लागलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, चाची अनवाणी फिरल्या आणि एका जागी थांबल्या. "हितं खना. हितली माती गार लागतीय."

कमरेइतकं खणल्यावर खापराचे नळ लागले. एकात एक बसवलेले, अजून ओले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाची मात्र नळ कुठं चाललेत ते बघत होत्या. नळ सरळ त्यांच्या आंब्याखाली जात होते.

तो शेप्या आंबा होता. फळाला शेपूचा वास. नवरा-बायकोनं घागरींनी पाणी घालून वाढवलेला.

"म्या दावलं नसतं तर?" त्यांनी विचारलं.

"कधीतरी सापडलंच असतं, चाची."

"मग आंब्याचं काय?"

"राहील," मी म्हणाले. नळ मोकळे करायला आंबा पाडायचा, त्यावर लाल खूण करा, असा निरोप नळ लागताच आला होता. त्यांची खोलीही पाडायची होती, ते मात्र मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "खोलीचं लई न्हाय वाटत."

लेक त्यांना परंड्याला घेऊन गेली. आठ दिवसांनी आंबा पाडला. अर्ध्या तासात झालं. मी समोर उभी होते. काहीतरी वाटायला हवं, एवढं कळत होतं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

फाल्गुनात चाचींचा फोन आला. "मोहर आला का गं?"

"आला, चाची."

मग दर शुक्रवारी फोन. चैत्रात, "कैऱ्या?"

"लागल्यात. फांद्या वाकल्यात."

हे दोन वर्षं चाललं. खोटं बोलणं सुरुवातीला जड गेलं, मग तेही वाटेनासं झालं. वारा सुटला, माकडं आली, सगळं मी सांगत असे.

तिसऱ्या वैशाखात त्या एसटीनं आल्या, एकट्या, हातात रिकामी पिशवी घेऊन. बाग सुरू झाली होती. हौदात कारंजं उडत होतं, दोन्ही बाजूंना गुलाब, मधे कापलेलं गवत. मी धावत दारापाशी गेले.

चाची आंब्याच्या जागेपर्यंत चालत गेल्या आणि गवतावर उभ्या राहिल्या. अनवाणीच. मग म्हणाल्या, "पानी चांगलं चाललंय."

"चाची, मी..."

"फोनवर बोलत होतीस ते बरं केलंस." आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. "दोन वरसं माझा आंबा हुता. तुझ्यामुळं हुता."

मी गाडीनं सोडते म्हणाले. "नगं. यष्टी हाय." मी पाणी आणायला गेले, तोवर त्या फाटकाबाहेर पडल्या होत्या.

नंतर त्यांचा फोन आला नाही. मी शुक्रवारी करते. लेक उचलते, "अम्मी नमाजला बसल्यात," म्हणते. मागं चाचींचं बोलणं ऐकू येत असतं, कुणाशी तरी, भाजीबद्दल, उन्हाबद्दल. मी थोडा वेळ ऐकते आणि फोन ठेवते.