फटफटीचा सोमवार

आमच्या अप्पांचे हात रिकामे राहिले की घरातलं काहीतरी उघडलं जाई. आईचं, आमच्या अव्वाचं, शिलाई मशीन, रेडिओ, एकदा तर शेजारच्या गुरम्माचं कुलूप, तेही किल्ली जागेवर असताना. दारात फटफटी आली तेव्हा अव्वा म्हणाली, "सुटलं बाई माझं मशीन!"

अप्पांचं, म्हणजे मन्मथअप्पांचं, निलंग्याच्या अलीकडे आमच्या गावात किराणा दुकान होतं. गाडी लातूरच्या एजन्सीतून घेतलेली. सर्व्हिसिंग फुकट होती, पण अप्पांनी ती एकदाच करून घेतली. तिथं गिऱ्हाइकाला जाळीबाहेर उभं करत. अप्पांनी जाळीबाहेर येरझाऱ्या घातल्या, मिस्त्रीला दहा सूचना केल्या आणि घरी येऊन गाडी पुन्हा उघडली. "आपलं लेकरू परक्याकडून न्हाऊ घालून घ्यावं काय?" असं वर आम्हालाच विचारलं.

सोमवारी आमच्यात बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. अप्पांनी ही सुट्टी फटफटीलाही लागू केली. सोमवारी लिंगपूजा आटोपली की ओसरीवर पोतं अंथरायचं आणि गाडी सोलायला घ्यायची. कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवायचा, सायलेन्सर जाळून काजळी काढायची. दिवे लागेपर्यंत जोडून झाली तर नशीब.

लातूर नवा जिल्हा झाला आणि मागोमाग दुष्काळही येऊन बसला. मला मास्तरीण व्हायचं होतं. मंगळवारी लातूरच्या कॉलेजात मुलाखत होती. ती हुकली तर उदगीरचं स्थळ तयारच होतं. मामा नुसत्या होकाराला टपले होते.

आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, टँकरवाले जलीलभाई गावच्या विहिरीत पाणी सोडायला आले. आमच्या ओसरीसमोरच विहीर. पाइप लावून ते धावतच आले.

"मन्मथअप्पा, पोरीची मुलाखत आजच हाय! आत्ता कॉलेजात टाकी भरून आलो. पाणी पुरंना म्हणून उद्यापासून बंद करायलेत ते. दुपारच्या आत पोचा."

सकाळची एसटी निघून गेली होती. गाडीचं हेड पोत्यावर, चेन रॉकेलमध्ये, पुढचं चाक भिंतीला टेकलेलं.

"टँकर रिकामा झाला की मी लातूरलाच चाललो," जलीलभाई म्हणाले. "बेटीला येऊ द्या संगं."

"कशाला? आत्ता जोडतो," अप्पा म्हणाले. "माझी पोरगी माझ्या गाडीवर जाईल."

विहिरीवर पोहऱ्यांची झुंबड उडाली होती आणि मी विहीर ते ओसरी हेलपाटे घालत होते. अप्पा नट लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. एक वायसर रॉकेलमध्ये पडला, तो शोधण्यात वेळ गेला.

"अप्पा, टँकरची धार बारीक झाली!"

"झालंच."

"अप्पा, थांबली धार!"

"झालंच म्हणतो की."

त्यांच्या हातातला पाना हिसकावून विहिरीत भिरकावावा, असा संताप आला मला. जलीलभाईंनी हॉर्न दिला. मी पिशवी उचलली आणि कुणालाही न विचारता टँकरमध्ये चढले. गिअर पडला तोच मागून हाक आली, "थांबा, जलीलभाई!" काळ्या हातांनी दार धरून अप्पा वर चढले.

"अवो, हे सगळं असंच?" अव्वा ओरडली.

"राहू दे!" अप्पा म्हणाले, आणि जलीलभाईंना, "दाबा की जरा. लई हळू चालवायलात तुम्ही."

मी पोचले, आणि निवड झाली. पाऊसपाणी होऊन कॉलेज उघडल्यावर मी वसतिगृहात राहायला गेले.

मग अप्पांनी नवलच केलं. दर महिन्याला गाडी लातूरच्या एजन्सीत सर्व्हिसिंगला द्यायला लागले. गाडी तिथं टाकायची आणि दिवसभर माझ्याबरोबर काढायचा. कधी बसून चहा, कधी नुसतं वसतिगृहाच्या आवारात इकडून तिकडं फिरणं. मला वाईट वाटायचं. त्या सोमवारनं अप्पांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच गेला, असं मी धरून चालले होते.

एकदा संध्याकाळी गाडी आणायला मीही त्यांच्याबरोबर गेले. अप्पा पैसे द्यायला आत वळले तसा मिस्त्री हळूच मला म्हणाला, "ताई, तुमच्या वडलांना समजावा. गाडी घरूनच चकाचक करून आणतात. मी करायचं काय? तर म्हणतात, उभी करा नुसती. सावकाश द्या, संध्याकाळी दिली तरी चालंल."